भरवशाची

एकतीस वर्षं लाल डबा हाकला मी,
वणी, मुकुटबन, पाटण, रात्री मुक्कामी.
आता डाव्या डोळ्यात सारवल्यासारखं धुकट,
तरी गाडी शोधायला मीच निघालो
मोनालीसाठी,
जिचं लायसन अजून टपालाच्या पाकिटातून
नीट बाहेरही आलं नाही.
झरीच्या गुरांच्या दवाखान्यात लागली पोरगी.
म्हणे, "गाई रात्रीच अडतात, बाबा,
नाल्यातून स्कुटी काय डोक्यावर नेऊ?"

"भरवशाच्या म्हशीले टोणगा,"
तिची आई म्हणाली, आणि डबा बांधून दिला.

पहिली पांढरी, वणीतच,
धुऊन-पुसून नवरीसारखी उभी.
सीटच्या शिवणीत नख घातलं,
नख काळं.
कोळशाच्या खाणीवर राबलेली.
मालकाला नख दाखवलं. तो आभाळाकडे पाहू लागला.

दुसरी पांढरकवड्याला.
काट्यावर अठ्ठेचाळीस हजार,
आणि क्लचचं रबर झिजून खालचा पत्रा उघडा.
"एकाच हाताची हाय," दलाल म्हणाला.
हाताचं मी काही विचारलंच नव्हतं.
बॉनेटवर तळवा ठेवला: कोमट.
आम्ही यायच्या आधीच कुणीतरी
तिला खोकून घ्यायला लावलं होतं.

तिसरीच्या टपावर चार भोकं,
एमसील भरून वर रंग.
भोंगे होते इथं, निवडणुकीचे.
फार बोललेली गाडी आहे ही,
म्हटलं, चल.

मोनाली काही बोलत नव्हती.
मी सांगत होतो:
ऑइलचं झाकण काढून बघ, आत चहाची साय दिसली तर सोड,
टायर एकाच बाजूनं खाल्लाय का बघ,
स्टेपनी उचलून बघ, जॅक आहे की नुसती त्याची जागा.
ती हं हं करत होती,
खिडकीतून दुसऱ्यांच्या बैलांचे खूर पाहत.

चौथी कुंभ्याला.
आवारी म्हणून एक, जिनिंगवर वजनकाटा सांभाळणारे.
अंगणात अकरा वर्षांची बोलेरो,
पुढच्या जाळीत कापूस अडकलेला, तसाच.
बॉनेट गार.
मी वाकणार तोच म्हणाले,
"थांबा भाऊ, पयले आयका.
डावं दार नवं हाय.
मांगच्या पौषात रातच्याले रोही आडवा आला, करणवाडीपाशी.
गाडी उभी राह्यली.
तो नाही राह्यला."

मी दाराचा रंग पाहिला, बिजागरी पाहिली.
चेसिसला कुठं वेल्डिंग नाही.
त्यांनी वही आणली, ऑइल कधी बदललं त्याची,
सगळ्या तारखा एकाच अक्षरात,
फक्त एका पानावर शाई फुटलेली.

मोनालीनं वही उघडली नाही.
"किती वेळ जिवंत होता?" तिनं विचारलं.
"अर्धा घंटा."
"मग?"
"मग काय. बसलो व्हतो जवळ.
पाणी देल्लं, नाही पेला."

ती बाजूला जाऊन
हेडलाइटच्या खोबणीतून बोट फिरवत राहिली जराशी.
"हीच," म्हणाली.

मी तरी वीस हजार कमी करा म्हटलं. त्यांनी सात केले.
एसटीच्या माणसाला घासाघीस जमत नाही,
आमचं तिकीट ठरलेलं असतं.

परतताना ती उजवीकडे, मी डावीकडे.
आयुष्यात पहिल्यांदा त्या बाजूनं दिसला
हा रस्ता,
वेगळाच कुणाचा असल्यासारखा.
मारेगाव येईस्तोवर माझा पाय
नसलेला ब्रेक चार वेळा दाबून झाला.
तिनं पाहिलं. हसली नाही.
करणवाडीपाशी मी काही बोललो नव्हतो,
वेग आपसूक कमी झाला.
तुरीच्या पराट्या उभ्या दोन्ही बाजूंनी,
त्यात काही हाललं, किंवा नाही हाललं,
माझा डोळा तसा.

घरी दारात आई उभी.
"भरवशाची हाय ना?"

डाव्या दारातून जरा खडखड येते, म्हटलं.
सोमवारी रबर बदलून घेतो.